"मॅडम, मी स्लो आहे का?"

सॉफ्टवेअरवाली मंडळी झोप, पित्त, चिडचिड कुठलीही तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ देत, तिसऱ्या-चौथ्या भेटीत वाक्य तेच निघतं: दिवसभर राबतो पण काही संपतच नाही. म्हणून हे लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वरचा प्रश्न विचारणारा एक टीम लीड. टीमने कानबान सुरू केलेलं, म्हणजे बोर्डावर कामांची कार्डं आणि ती 'करायचंय', 'चालू', 'झालं' अशी पुढे सरकवायची. म्हणाला, "उलट टेन्शन वाढलंय, रोज सकाळी माझं अपयश सगळ्यांसमोर टांगलेलं असतं."

त्याला कागदावर बोर्ड काढायला लावला. त्याच्या नावावर 'चालू'मध्ये ९ कार्डं. विचारलं, "यातल्या किती कामांना आज तुम्ही स्वतः हात लावू शकता?"

बोट फिरवत मोजत राहिला, मग बराच वेळ गप्प. "दोन. बाकीची कुणाच्या तरी रिव्ह्यूसाठी, टेस्टिंगसाठी, उत्तरासाठी अडकलीत." आणि मग हळूच, "म्हणजे मी नाही थांबलोय, कामं थांबलीत."

मी मुद्दाम काहीच बोलले नाही, ते वाक्य त्याचं त्यालाच नीट ऐकू यायला हवं होतं. माणसात दोष शोधायच्या आधी त्याच्याभोवतीची रचना बघावी असं मी इतकी वर्षं मानत आलेय, त्या दिवशी ते ९ चौकोनांत समोर दिसत होतं.

रकाने आखले म्हणजे कानबान झालं नाही, खरी गोष्ट एकावेळी चालू कामांवरची मर्यादा, आणि बहुतेक टीम नेमकी तीच गाळतात. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे लागू पडतो: २४ कामं चालू आणि आठवड्याला ४ संपत असतील तर एका कामाला सरासरी ६ आठवडे लागणार, तोच वेग ठेवून चालू कामं १२ वर आणली तर ३. कुणी जास्त राबायची गरज नाही.

"पण वरून काम आलं की नाही कसं म्हणू?"

"तुम्ही नका म्हणू, 'चालू' रकान्यावरचा मर्यादेचा आकडा दाखवा आणि विचारा, यातलं कुठलं बाजूला ठेवू?" मात्र तो आकडा मॅनेजरसकट सगळ्यांनी बसून ठरवलेला हवा, नाहीतर तो एकट्याचा हट्ट ठरतो. आणि रकाना भरला की नवीन ओढायचं नाही, अडकलेलं सोडवायला जायचं.

शेवटच्या भेटीत म्हणाला, "काल हात रिकामे होते, नवीन कार्ड घेणार होतो पण मर्यादा भरलेली, मग ज्युनियरचा अडकलेला रिव्ह्यू केला. आधी फार अपराधी वाटलं."

"किती वेळ?"

"दहाएक मिनिटं."