वर्णन आहे, पण चित्र दिसत नाही

प्रश्न : मी नागपुरात महाल भागात राहते, नोकरी सांभाळून पहिली कादंबरी लिहितेय. नायकाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते विकलं गेलं. दहा वर्षांनी तो मे महिन्याच्या दुपारी इतवारीच्या बाजारात परत येतो असा सीन आहे. ऊन, गर्दी, दुकानं, सगळं दोन पानं लिहिलंय (सोबत पाठवतेय), तरी मैत्रीण म्हणते काही दिसतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : ताई, पानं दोनदा वाचली. ‘रणरणतं ऊन होतं, बाजार फुलून गेला होता, त्याचं मन उदास झालं’ हे कुठल्याही गावाला, कुठल्याही माणसाला चालेल ना, तिथंच घोळ आहे. अहो पारा 45च्या वर गेला की नागपूर कसं दिसतं ते तुम्ही रोज बघता, सिग्नल लाल झाला की गाड्या पट्ट्यापाशी थांबतच नाहीत, पार मागे कडुनिंबाच्या सावलीत थांबतात, बायांचे चेहरे दुपट्ट्यात, फक्त डोळे बाहेर. एवढं लिहिलं की ऊन हा शब्दसुद्धा लागत नाही.

आपल्या रामटेकचंच घ्या. मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मानतात. तिथल्या यक्षाचा विरह कालिदास सुरुवातीलाच कसा सांगतो, तर हातातलं सोन्याचं कडं गळून पडलंय, मनगट रिकामं आहे. बस. किती वाळला असेल ते आपलं आपल्याला कळतं. आणि आषाढातला ढग दिसतो तो डोंगराला धडका देत खेळणाऱ्या हत्तीसारखा! मला अजून हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता तुमचा नायक. मसाल्याची दुकानं, सराफा, हे तुम्हाला दिसतंय, त्याला नाही दिसणार, त्याची नजर थेट बापाच्या दुकानावर जाईल, नव्या पाटीच्या कडेनं डोकावणारं जुनं अक्षर बघेल, म्हणून बाकीचं खोडा, जीव तुटेल पण खोडा. उपमासुद्धा त्याच्याच घरातली हवी, कापडवाल्याचा पोरगा आहे तो, रस्त्यावरचं ऊन त्याला उलगडून टाकलेल्या मांजरपाटाच्या ताग्यासारखं दिसू दे की.

आणि ते मन उदास झालं वगैरे काढूनच टाका. दुपारची वेळ, दुकान बंद, तो शटरला हात लावतो आणि चटका बसून मागे घेतो, तिथंच सीन थांबवून बघा आणि ते पान मैत्रिणीला परत वाचायला द्या.