स्टेजसाठी आवाज नाही, मग म्युझिक थेरपिस्ट होता येईल का?

तू लिहिलंयस की बारावीत आहेस, लहानपणापासून गाणं शिकतेयस, म्युझिक थेरपिस्ट व्हायचंय पण आई म्हणते हे काय करिअर असतं का, आणि तुलाही वाटतं आपला आवाज स्टेजवर गाण्याइतका भारी नाही.

आवाजाचं टेन्शन आधी सोड. म्युझिक थेरपीत, म्हणजे संगीत वापरून पेशंटला मदत करताना, समोर कोणी टाळ्या वाजवायला बसलेलं नसतं. समोरचं मूल टेबलावर ठोकत असेल तर तोच ठेका उचलून त्याच्याशी खेळ सुरू करता यायला हवा, ते थांबलं की थांबता यायला हवं. त्यामुळे गिटार किंवा कीबोर्डवर कामापुरता हात बसव, पेशंटच्या आवाजाप्रमाणे पट्टी बदलायची सवय कर, आणि गाणी त्याच्या आवडीची, तुझ्या नाही.

पण प्लीज, अमुक राग ऐकला की तमुक आजार बरा होतो असले व्हिडिओ बघून या फील्डमध्ये येऊ नकोस. खरं काम बघ ना, स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्या काही जणांना साधं वाक्य बोलता येत नाही पण ओळखीच्या गाण्याचे शब्द म्हणता येतात, सुरात वाक्यं म्हणवून बोलणं परत शिकवणारी मेलोडिक इंटोनेशन थेरपी ही पद्धत यातूनच आली, पार्किन्सन्सच्या पेशंटना ठेक्यावर पावलं टाकायला शिकवतात. डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट यांच्यासोबत ध्येय ठरवायचं, प्रत्येक सेशनची नोंद ठेवायची. हे आरोग्याचं काम आहे, गाणं त्यातलं साधन.

आईला सांग की अमेरिकेत याची पहिली डिग्री १९४४ मध्ये सुरू झाली, आजही तिथे डिग्री, १२०० तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग आणि वर म्युझिक थेरपिस्टच्या सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा असते, ब्रिटनमध्ये तर रजिस्ट्रेशनशिवाय स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवून घेणं बेकायदा आहे. मात्र पैशाची तिची काळजी चुकीची नाही. सुरुवातीला बऱ्याच जणांना दोन-तीन ठिकाणी पार्टटाइम करावं लागतं, हे घरात आत्ताच बोलून ठेव.

ग्रॅज्युएशनला सायकॉलॉजी घे, गाणं चालू ठेव, मग मास्टर्सचं बघ. दोन वीकेंडच्या सर्टिफिकेटने थेरपिस्ट होत नाही कोणी, फी भरण्याआधी विचार की सुपरव्हिजनखाली पेशंटसोबत किती तास मिळणार आणि जिथे नोकरी करायचीय तिथे हा कोर्स चालतो का.

त्याआधी परीक्षा झाली की परवानगी काढून एखाद्या स्पेशल स्कूलमध्ये किंवा वृद्धाश्रमात काही आठवडे जा, गाऊ नकोस लगेच, नुसती बस, बघ, मदत कर. तिथे बदल फार सावकाश होतो, कधी दिसतच नाही, आणि तरी तुला परत जावंसं वाटतंय का ते मला कळव, कॉलेजं त्यानंतर शोधू.