सशाचा पिंजरा आणि मोडायला काढलेली आरडी

प्रश्न थोडक्यात असा : हातात येणारा पगार ४२,०००, ठाण्यात फ्लॅट. लेकीला ससा हवाय. दुकानदार सशासकट दुमजली जाळीचा पिंजरा ११,५०० रुपयांना देतोय. खाली सरकता ट्रे आहे, घाण होत नाही म्हणतो. आठ महिन्यांनी पिकणारी ३०,००० ची आरडी मोडू का?

ताई, आरडी मोडू नका आणि तो पिंजराही घेऊ नका.

नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो, त्यामुळे महिन्याचा खर्च आधी बघा. दोन किलोच्या सशाला रोज साधारण १०० ग्रॅम वाळलं गवत, म्हणजे महिन्याला तीन किलो. किलोला ४०० धरले तर १,२००. ट्रेमधल्या, लघवी शोषणाऱ्या लाकडी भुशाच्या गोळ्या, कोथिंबीर-पुदिना आणि थोडं खाद्य यांचे ९०० धरा. झाले २,१००, तुमच्या पगाराचे पाच टक्के. दहा वर्षांत, भाववाढ न धरताही, अडीच लाख.

आता पिंजरा. सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाळीवर बसून टाचा सोलवटतात, जखमा चिघळतात. शिवाय लेंड्या कुठूनही खाली पडत असल्या की एका जागी करायची सवय लागत नाही. त्यापेक्षा दोन-दोन फुटी आठ पॅनेलांचं घडीचं कुंपण घ्या. चार बाय चार फुटांची जागा होते. फरशीवर पाय घसरतात म्हणून खाली जुनी सतरंजी.

ट्रे कोपऱ्यात बसणारा तिकोनी नको. १८ बाय २४ इंचांचा प्लास्टिकचा टब घ्या, एक बाजू चार इंचांपर्यंत कापून धार घासून टाका. तळाला वर्तमानपत्र, त्यावर इंचभर लाकडी गोळ्या, एका टोकाला गवताचा ढीग. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत टबात असलं की निम्मं काम झालं. पहिले दोन आठवडे कुंपणाबाहेर सोडू नका. बाहेर पडलेल्या लेंड्या आणि लघवी टिपलेला कागद टबात टाका, ती जागा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. तो हट्टाने दुसराच कोपरा धरत असेल तर टबच तिकडे न्या. रागावलात तर फक्त घाबरतो. मांजरांच्या ट्रेसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती वापरू नका, पोटात गेली तर फुगते.

चार-सहा महिन्यांत ससा वयात येतो आणि शिकवलेलं विसरून सोफ्यावर लघवी मारू लागतो. यावर इलाज नसबंदी. मादीला तर ती हवीच, वय वाढलं की गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो. डॉक्टरांना आधी विचारा, ऑपरेशनपूर्वी उपाशी ठेवायचं का? रात्रभर ठेवा म्हणाले तर दुसरे शोधा. सशाला उलटी होत नाही आणि रिकामं आतडं थंडावतं. एरवीही बारा तास खाल्लं नाही तर त्याच दिवशी दवाखाना.

म्हणून ससा आणण्याआधी पाच महिने दर एक तारखेला २,१०० बाजूला काढा. १०,५०० जमतील : ३,५०० कुंपण-टबाला, ७,००० नसबंदीकडे. ओढाताण झाली तर ती ससा नसतानाच कळेल. आरडी पिकली की त्यातले १५,००० दवाखान्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. दरम्यान नसबंदी झालेला मोठा ससा दत्तक मिळतोय का बघा. तो टब पिल्लापेक्षा लवकर शिकतो, आणि ते ७,०००ही वाचतात.