स्टॉकहोमला समुद्राची पातळी कमी होतेय, मग जगभर वाढतेय असं कसं म्हणतात? आणि जुने तापमानाचे आकडे बदलतात का?

तुम्ही म्हणताय तो स्टॉकहोमचा ग्राफ खोटा नाहीये, मीही एकदा पीएसएमएसएलच्या (जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवरून आकडे उतरवून एक्सेलमध्ये काढून बघितलाय, रेघ चक्क खाली जाते, वर्षाला साधारण ४ मिमी. पण हे आकडे टाइड गेजचे असतात, ते म्हणजे काय ते बघा ना, धक्क्याला पक्की बसवलेली नळी, आत तरंगणारा फ्लोट, म्हणजे ती मोजते तिथल्या जमिनीच्या मानाने पाणी किती वर आहे ते. हिमयुगात त्या भागावर किलोमीटरहून जाड बर्फ होता, तो वितळून हजारो वर्षं झाली तरी दबलेली जमीन अजून वर येतेय, आपण उठल्यावर गादी फुगते तशी, फक्त फारच सावकाश. समुद्र चढतोय त्यापेक्षा जमीन जास्त वेगाने उठतेय, बास. याच्या उलट फिलिपिन्समधल्या मनिलाला भूजल उपसून जमीन खचलीये, त्यामुळे तिथला झपाट्याने चढणारा ग्राफ दाखवून घाबरवणारेही तितकेच चुकतात (हे मात्र कोणी ऐकून घेत नाही).

जगभराची सरासरी काढली तर १९०१ ते २०१८ मध्ये पाणी सुमारे २० सेंमी वाढलं. १९७१ पर्यंत वेग वर्षाला १.३ मिमीच्या आसपास होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७.

आता तापमानाचे जुने आकडे 'बदलतात' म्हणता ते. हो, बदलतात, पण कशासाठी? पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली सोडून पाणी वर ओढायचे आणि त्यात थर्मामीटर बुडवायचे, तोवर वाऱ्याने बाष्पीभवन होऊन पाणी गार झालेलं असायचं, माठातलं होतं तसं. नंतर इंजिनात घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवायला लागले, ते जरा जास्तच यायचं. हे दोन्ही तसंच जोडलं तर तापमानवाढ फुगून दिसते, म्हणून समुद्राचे जुने आकडे वर सरकवले, आणि त्याने शतकभराची वाढ उलट कमीच झाली! फसवायचंच असतं तर असं कोण करेल.

आणि हो, सुरुवातीचं वर्ष बघत जा. १९९८ ला जबरदस्त एल निनो होता (प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि जगाचं तापमान तात्पुरतं वर जातं तो प्रकार), तिथून तापमानाची रेघ ओढली की पुढची कित्येक वर्षं सपाट दिसतात. २०१०-११ ला तर ला निनामुळे (एल निनोच्या उलटा, थंड टप्पा) जमिनीवर इतका पाऊस पडला की समुद्राची जागतिक पातळीच ५ मिमीच्या आसपास उतरली होती, पण पुढच्या काही वर्षांत ती भरून निघून वर गेली.

तापमानाचा जो ग्राफ तुम्हाला कोणी पाठवला तो कुठल्या वर्षापासून सुरू होतो? कमेंटमध्ये टाका, बघू.