पहिल्यांदाच अभ्याससहल नेताय?

मॅडम, संमतीपत्रं आणि विम्याचे कागद ऑफिस गोळा करेलच. तुम्ही डोकं लावा ते पाण्याच्या ठिकाणांवर. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या कॉलेजचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाऊस नसला तरी धरणाखालची नदी मिनिटांत चढते, हे मुलांना निघण्याआधीच सांगा.

कोकणातही तेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा, ते नको म्हणाले तर विषय संपला. "फक्त पाय भिजवतो" म्हणणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास नको. एक शिक्षक सतत पाण्याकडे तोंड करून उभा हवा, मोबाईल खिशात ठेवून.

रात्री घाट टाळा. दुसरा ड्रायव्हर लागेल, पैसे वाढतील, वाढू द्या. बस हलण्याआधी नावं घेऊन हजेरी घ्या, "सगळे आले का?" विचारलं की न आलेल्यांच्या वतीनेही हो येतं!

दमा, फिट्स, ॲलर्जी मुलं चारचौघांत सांगत नाहीत. पालकांना स्वतः फोन करा. यादीची एक प्रत कॉलेजात थांबणाऱ्या सहकाऱ्याकडे द्या, आणि ११२ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे ना, तेवढं बसमध्येच बघून घ्या.