‘मुरडा’, ‘पीळ’ आणि ‘आंत्ररोध’

देवगड तालुक्यातील एका आरोग्यसेविकेने विचारले आहे की, गावासाठी पत्रक लिहिताना ‘मुरडा’, ‘आतड्याला पीळ पडणे’ आणि ‘आंत्ररोध’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील काय.

माझ्या मते चालणार नाहीत. ‘मुरडा’ हा शब्द ‘मुरडणे’ या क्रियापदाशी जोडलेला असल्यामुळे त्यात पिळवटण्याचा भाव आहेच, आणि घोळ तिथूनच होतो. परंतु व्यवहारात मुरडा म्हणजे हगवणीत, विशेषतः आव पडत असताना, पोटात उठणारी कळ. मुरडा आलेला माणूस पुनःपुन्हा परसाकडे धावतो. आंत्ररोध झाला, म्हणजे आतडे अडले, की चित्र बहुधा उलटे असते: कळ थांबून थांबून येते, उलट्या होतात, पोट फुगते, आणि शौच तर राहोच, वारादेखील सरेनासा होतो. आरंभी अडथळ्याच्या खालचा मळ पडून जाऊ शकतो, तेव्हा एकदा परसाकडे झाले एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

‘पीळ’ ही आतड्याची अवस्था आहे. आतड्याचे वेटोळे स्वतःभोवती फिरले की पीळ पडतो. ‘आंत्ररोध’ त्याहून व्यापक आहे, कारण पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी चिकटल्याने, गाठीमुळे किंवा अंतर्गळात, म्हणजे आज सर्रास ज्याला हर्निया म्हणतात त्यात, आतडे अडकल्यानेही मार्ग बंद होतो. आयुर्वेदातील ‘बद्धगुदोदर’ (मळाची वाट अडून पोट फुगणे) हा शब्द याच्या जवळचा. सुश्रुतसंहितेत त्यासाठी पोट उघडण्याचाही विधी आहे. पत्रकात मात्र हा शब्द नको.

कोकणात मुरडा म्हटले की घरात ओव्याची फक्की निघते, कोकमाचे आगळ निघते, आणि एखादी आजी एरंडेलही काढते. अडलेल्या आतड्यावर रेचक देणे धोक्याचे आहे. रुग्णालयात अशा वेळी तोंडाने काही न देता शिरेतून सलाइन लावतात, नाकावाटे जठरात नळी घालून साचलेले द्रव काढतात आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. येणारी-जाणारी कळ अखंड दुखण्यात बदलली, ताप आला किंवा पोट कडक झाले, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घेऊन तातडीने शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो.

म्हणून पत्रकात रोगाच्या नावाऐवजी लक्षणांचे वाक्य घालावे: ‘पोटात थांबून थांबून कळ येते, उलट्या होतात, पोट फुगले आहे आणि वारा सरत नाही, तर एरंडेल देऊ नका, खायला-प्यायला काही घालू नका, १०८ ला फोन करा.’