अणुवीज केंद्रात सिस्टीम इंजिनीअर: नक्की काय काम असतं?

तुमचे प्रश्न दोन. मेकॅनिकल करून न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनमध्ये ट्रेनी म्हणून निवड झालीय, पण पुढे ऑपरेशनऐवजी टेक्निकल सेक्शनला, म्हणजे सिस्टीम इंजिनीअर म्हणून टाकलं तर जन्म फायलींत जाईल का? आणि रेडिएशनला घाबरून आई नको म्हणतेय, तिला काय सांगू? मी बरीच वर्षं जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) अणुभट्टीच्या केंद्रात सिस्टीम इंजिनीअर होतो, म्हणून लिहितो.

फायली आहेत, भरपूर आहेत. त्याबद्दल खोटं सांगत नाही. पण ऑपरेशनचा शिफ्टवाला अख्खा प्लांट आठ तास सांभाळतो आणि तुम्ही दोन-चार सिस्टीम वर्षानुवर्षं सांभाळता, हा फरक आधी लक्षात घ्या. समजा, प्रोसेस वॉटरच्या एका पंपाचं बेअरिंग 54 अंशांवर चालतंय आणि अलार्म 80 ला आहे. काही महिन्यांनी 57, मग 61. लॉगशीट भरणाऱ्याला दर वेळी आकडा अलार्मच्या खूप खालीच दिसतो, त्यात त्याची चूक काहीच नाही. ते आकडे एका ओळीत मांडायचे, उन्हाळ्यामुळे किती वाढले ते वजा करायचं आणि मग विचारत सुटायचं: तेल कधी बदललं, अलाइनमेंट शेवटचं कोणी बघितलं, मागच्या शटडाउनला कपलिंग उघडलं होतं का. मेंटेनन्सवाले वैतागतात. वैतागू द्या. पंप आपणहून बंद पडला की तेच मध्यरात्री तुम्हाला फोन करणार असतात.

दुसरं काम चालण्याचं. हातात ड्रॉइंग घेऊन पूर्ण लाइन फिरायची. ड्रॉइंगवर उघडा असलेला व्हॉल्व्ह जागेवर बंद, त्यावरच्या टॅगची तारीख कधीच उलटून गेलेली. इन्स्ट्रुमेंटच्या बारीक ट्यूबिंगला टेकलेली परांची. 'तात्पुरता' म्हणून टाकलेला आणि आता कोणालाच आठवत नसलेला जंपर, म्हणजे जोडवायर. हे स्क्रीनवर दिसत नाही. खुर्चीतून सिस्टीम बघणारा इंजिनीअर मी कधी चांगला मानला नाही.

पण खरी कसोटी चालू यंत्रांची नाही, उभ्या यंत्रांची. डिझेल जनरेटर, फायर पंप, बॅटऱ्या ही सगळी वर्षभर नुसती उभी असतात. ठरलेल्या दिवशी टेस्ट घ्यायची, किती सेकंदांत स्पीड आला ते लिहायचं, मागच्या टेस्टशी ताडायचं. कंटाळा येतोच. त्यावर मी नव्या मुलांना उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रातल्या घटनेचा अहवाल वाचायला लावायचो.

31 मार्च 1993, नरोरा, युनिट 1. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. त्या हादऱ्यांनी जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि आग केबलींतून पसरली. मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबली काही ठिकाणी एकाच वाटेनं गेल्या होत्या, पुरेसा आडोसा नव्हता. त्यामुळे एकाला दुसरा असा ठेवलेला पुरवठा एकदमच गेला. कंट्रोल रूममध्ये धूर भरला. सुमारे 17 तास युनिटला वीज नव्हती. भट्टी बंद झाली होती, पण बंद भट्टीतही उष्णता तयार होत राहते. ती काढली कशानं? डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये (भट्टीच्या उष्णतेनं साध्या पाण्याची वाफ करणाऱ्या भांड्यात) पाणी सोडलं आणि भट्टीतलं जड पाणी थर्मोसायफननं, म्हणजे गरम वर आणि थंड खाली जाण्यामुळे, पंपाशिवाय आपोआप फिरत राहिलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. ज्या फायर पंपाच्या टेस्टकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यानं त्या रात्री भट्टी सांभाळली. केबल कुठून जाते हे कागदावर नाही तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, ही सवय मला हा अहवाल वाचून लागली.

आता आईंचं. भीती खोटी नाही, पण आकडे सांगा. कामगारांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा 5 वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. निसर्गातून माणसाला जगभरात वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. प्रत्येकाच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असतो, हिशेब लपत नाही. जड पाण्याच्या भट्टीत खरी काळजी घ्यायची ती ट्रिशियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची. जड पाण्यातल्या ड्यूटेरियमनं न्यूट्रॉन गिळला की ते तयार होतं, वाफेबरोबर श्वासातून आणि कातडीतून शिरतं, आणि बॅजला दिसत नाही. म्हणून लघवीचे नमुने घेतात. 'कामात होतो, राहून गेलं' म्हणत नमुना टाळणारे महाभाग असतात, त्यांच्यात जाऊ नका. ट्रिशियम गेलंच तर भरपूर पाणी प्या, लवकर बाहेर पडतं.

आणखी एक. या भट्ट्यांत टर्बाइनकडे जाणारी वाफ वेगळ्या, साध्या पाण्याची असते, म्हणून टर्बाइन बिल्डिंगमध्ये किरणोत्सर्गाचा त्रास जवळपास नसतो. तारापूरची 1969 ची जुनी दोन युनिटं मात्र उकळत्या पाण्याची, तिथं भट्टीतलीच वाफ टर्बाइनला जाते. कोणी हा फरक विचारला तर नीट सांगता आला पाहिजे.

पोस्टिंग आपल्या हातात नसतं. तारापूर मिळालं तर बोईसरहून लोकलनं घरी जाता येईल, कैगा मिळालं तर कारवारात कोकणी कानावर पडेल, रावतभाटा मिळालं तर आधी कोट्यापर्यंत रस्त्यानं जावं लागेल. विभागाचा पर्याय विचारलाच तर आधी काही वर्षं ऑपरेशन मागा. रात्रपाळीत कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला तुमच्या रिपोर्टमधलं काय उपयोगी पडतं, ते तिथंच कळतं. टेक्निकलला त्यानंतरही येता येतं.